माय त्याला ऐकायला आली होती

गुलाब गेल्याचं मला अकोल्याच्या बसस्टँडवर वर्तमानपत्रातून कळलं. चार ओळी, वर मथळा ‘विनोदी नटाचे निधन’. महिना होऊन गेला, पण तो ‘विनोदी’ शब्द अजून घशाखाली उतरत नाही.

आम्ही अमरावतीला एका वर्गात शिकलो. पुढे तो सिनेमात गेला आणि नोकर, हवालदार, बावळट मामा करत राहिला. त्यानं ‘मले’, ‘तुले’ म्हटलं की टॉकीज हसायची; तेवढ्यासाठीच त्याला बोलावत. मोठं काम एकदाच मिळालं... तरुण मुलाच्या प्रेतापाशी बसलेल्या बापाचं. त्याच साली त्याचं स्वतःचं पोर तापात गेलं होतं. ते सगळं त्यानं त्या कामात ओतलं. निर्मात्याला मात्र त्याचे उच्चार गावंढळ वाटले. त्यानं गुलाबच्या तोंडी पुण्याच्या एका नटाचा आवाज बसवला आणि त्याला कळवलंसुद्धा नाही.

ते कळलं अकोल्याच्या टॉकीजमध्ये. गुलाब मायला आणि मला घेऊन गेला होता. मोतीबिंदूनं मायला दिसत नव्हतं. ती पोराला ऐकायला आली होती. पडद्यावर गुलाब रडत होता, आवाज भलत्याचाच. माय म्हणाली, “बाप्पा, तू कवा येतं रे?”

तो तिच्या कानाशी वाकला. मग म्हणाला, “माहं काम कापलं त्यायनं, माय. सिनेमा लंबा झाला होता.”

माय थोडं ऐकत राहिली. “हा जो रडून राह्यला ना... याचं लेकरू कदी मेलं नसन.”

गुलाबनं तेही ऐकून घेतलं. पुन्हा नोकर, हवालदार करू लागला. शेवटच्या भेटीत मी चिडून विचारलं, “तुले राग नाई येत काय बे?”

“येते ना. पन रागाचं काम मले देते कोन?”

शोकसभेत एकानं त्याची नक्कल केली. लोक हसले. मी उठून निघून आलो.

परवा तो सिनेमा अमरावतीत पुन्हा लागला. त्या प्रसंगाला मी दोन्ही कानांत बोटं घातली. शेजारचा बघू लागला, बघू दे. सिनेमातल्या मुलाचं नाव शेखर. ते घेताना ओठ मिटत नाहीत. गुलाबचे ओठ मिटत होते, उघडत होते, पुन्हा मिटत होते. बबन... बबन... तापात गेलेल्या पोराला तो हाक मारत होता.