दारात उभी राहिलेली आई

फोन आला तेव्हा मी कापूरहोळच्या फाट्यावर भोरच्या एसटीची वाट बघत उभी होते. वसुधाताईंचा मुलगा बोलत होता. "मावशी, आई गेली," एवढंच तो म्हणाला आणि मी वेड्यासारखी "अरे, असं कसं?" म्हणून त्यालाच विचारत बसले. आजारी होत्या, दिवस भरत आलेत हे दिसत होतं. परवाच त्यांना चार चमचे पेज भरवून आणि खात नाहीत म्हणून चांगलं सुनावून आले होते. तरी विचारलं… आपली तयारी कधी होतच नाही. समोरून एसटी निघून गेली आणि मी तिथंच उभी राहिले.

वसुधाताई लग्न होऊन पुण्याहून भोरला आल्या. मानसशास्त्र शिकलेल्या. घराच्या पुढच्या खोलीत त्या मुलांची तपासणी करायच्या. कुणाचं चित्त एका जागी ठरत नाही, कुणाला अक्षरं लागत नाहीत, कुणी हाक मारली तरी वळून बघत नाही, अशी मुलं. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता हे शब्द मी त्यांच्याकडून शिकले. मी कामथडीच्या शाळेत शिक्षिका. आमच्या स्टाफरूममध्ये तोवर दोनच जाती होत्या, हूड आणि ढ. माझ्या वर्गातली पोरं मी त्यांच्याकडे घेऊन जायची आणि त्यांच्या पुणेरी मराठीचा आयांना अर्थ सांगायची. "मूल नजरेला नजर देतं का?" असं त्यांनी विचारलं की एखादी आजी फणकारायची, "थोरामोठ्यांच्या नजरंला नजर द्याया आमच्या पोराला वळण न्हाई व्हय?" ताई कपाळाला हात लावायच्या आणि मला हसू आवरायचं नाही.

लोकही एकेक नग. भोरमधल्या एका साहेबांनी मुलाला टाय बांधून, पाढे घोकून घेऊन आणलं होतं. तपासणी म्हणजे यांना शाळेची मुलाखतच वाटली. पोरगं खुर्चीत बसल्या बसल्या न विचारता बेचा पाढा म्हणायला लागलं. ताईंनी आधी त्याचा टाय सोडला, मग वडिलांना म्हणाल्या, "मला हुशार मुलगा नको हो, तुमचा मुलगा हवाय." साहेब आठवडाभर रुसले, पण मुलाला परत घेऊन आले. ताई म्हणायच्या की ही काही रक्ताची चाचणी नव्हे, सुई टोचली आणि कळलं असं इथं होत नाही. मूल खोलीत असतं तासभर. बाकीचं त्याचं जगणं घरच्यांनी सांगितलं तरच समजतं.

आणि नेमकं तिथंच त्या चुकल्या. वेल्ह्याकडच्या एका वाडीतून साक्षी नावाची मुलगी आली होती, पहिलीतली. सोबत आजोबा आणि आई. आजोबा फेटा नीट करून खुर्चीत बसले, आई डोक्यावर पदर घेऊन दारातच उभी राहिली. ताईंनी विचारायचं आणि आजोबांनी सांगायचं, असं चाललं. "लई गुणी पोर हाय. कुणाच्या अध्यात न्हाई का मध्यात न्हाई. येकलीच खेळती. मास्तरच उगं म्हनत्यात, बोलत न्हाई म्हनून." साक्षीनं ठोकळे झटपट रचले, चित्रं जुळवली, एक शब्द बोलली नाही. ताईंनी निष्कर्ष काढला की पोर बुजरी आहे, रुळेल, वर्षानं पुन्हा दाखवा. आजोबा खूश होऊन गेले. वर्षानं कोण येतंय! पोरीत काही नाही असं शिकलेल्या बाईंनीच सांगितलं होतं ना.

पुढे सहा वर्षांनी नसरापूरला एका लग्नात त्या वाडीचे गुरुजी ताईंना भेटले. जेवताना त्यांनी सहज सांगितलं, साक्षीची शाळा चौथीतच सुटली. वर्गात किंचाळायची, पोरं चिडवायची, शेवटी घरच्यांनीच ठेवून घेतलं. गावात तिला येडी म्हणतात. आई तिला बरोबर घेऊन रानात जाते, एकटीनं सगळं निभावते. ताई ताटावरून उठल्या. मोटारीत मला म्हणाल्या, "मंगल, ती दारात उभी होती गं. मी तिला पाणी हवं का विचारलं. मुलीबद्दल नाही विचारलं."

मी समजूत घातली. सासऱ्यासमोर ती बोललीच नसती, तुम्ही पुण्याच्या, तुम्हाला हे काय माहीत, असंही म्हणाले. त्यांनी मान हलवली. "मग मला माहीत करून घ्यायला हवं होतं. पोरीची सहा वर्षं मी बुजरेपणाच्या खात्यावर टाकली." स्वमग्न मुलाला लहानपणी हात दिला तर किती फरक पडतो, हे त्या इतरांना घसा कोरडा करून सांगायच्या. त्यामुळे त्यांना ते फार लागलं.

तेव्हापासून त्यांनी रीत बदलली. आजोबा, काका, वडील यांना मानानं ओसरीवर बसवायचं, चहा द्यायचा, वर्तमानपत्र द्यायचं आणि खोलीत फक्त आई आणि मूल. आई गप्प राहिली तरी ताई थांबायच्या. मला ती शांतता सोसायची नाही, मी मध्ये बोलायला गेले की डोळे वटारायच्या. मग केव्हा तरी ती बाई पदराशी चाळा करत बोलायला लागायची आणि सगळं बाहेर यायचं. कितीतरी मुलांचं त्यामुळे वेळेत कळलं. साक्षीचं मात्र राहिलं ते राहिलंच.

तिच्या आईकडे जाऊन माफी मागायची, असं त्यांनी ठरवलं होतं. मी म्हणाले, चला उद्याच, मी येते. पण भातकापणीत त्या बाईला सवड कुठली, दिवाळी होऊ दे, असं करता करता थंडी संपली आणि ताईंचं दुखणं निघालं. खरं सांगायचं तर त्यांना धीर होत नव्हता. कुठल्या तोंडानं जाऊ, असं एकदा म्हणाल्याही होत्या. दुखण्यात मात्र त्यांचा हेकाच होता, जरा बरं वाटलं की वेल्ह्याला जायचं. बरं वाटलंच नाही.

तेरावं झालं आणि काही दिवसांनी मी ताईंच्या सुनेला सोबत म्हणून त्या पुढच्या खोलीत बसले होते. दारात एक बाई आली. बरोबर तिच्यापेक्षा उंच झालेली पोर. पोरीचं नाव साक्षी, असं तिनं सांगितलं तेव्हा मी उठून दोघींना आत घेतलं. ताई गेल्याचं गुरुजींकडून तिला कळलं होतं. फोटोला नमस्कार करून ती खाली बसली आणि पोरीला जवळ घेऊन बोलायला लागली.

"बाई, म्या त्या दिशी कायच सांगितलं न्हाई. यष्टीत बसल्यापास्नं समदं मनात जुळवीत आलते. पोर कशानं बिथरती, कशानं निजती, काय खाती… हितं आले आन् मामंजी म्होरं. जीबच उचलंना. घरी गेल्यावर वाटलं, आपुन त्या बाईला फशिवलं. तिला कुनी सांगितलंच न्हाई तर कळावं कसं? त्यांचा कायबी दोष न्हवता, येवढं सांगायला येयाचं हुतं. मामंजी हुते तवर जमलं न्हाई. आता मोकळी झाले, तर ह्या न्हाईत."

मी तिला सांगितलं की बाईंना तुझी माफी मागायची होती, मरेपर्यंत तेच घोकत होत्या.

"माजी?" ती म्हणाली. "बाईंना? माजी?" आणि तिला रडूच फुटलं. मलाही.

आत सुनेनं कुकर लावला होता. तो नुसता फुसफुसायला लागला, माझं लक्षही नव्हतं. पण रडता रडता ती बाई एकदम थांबली आणि तिनं दोन्ही तळहात पोरीच्या कानांवर घट्ट ठेवले. शिट्टी झाली. साक्षी आईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत शांत बसून होती. दुसरी शिट्टी व्हायची होती. आईच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण ते पुसायलाही तिनं हात काढले नाहीत.