डब्यातून आलेली गाणी

गल्फमध्ये अल नहदाला आम्ही राहायचो, तिथे आमच्या मजल्यावर, लिफ्टच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक गोरी मॅडम एकटी राहायची. केस पांढरे, पाठ ताठ, कुठल्याशा शाळेत शिकवायची. लिफ्टमध्ये भेटली की ती हसायची आणि मी स्वतःच्या चपलांकडे बघायचे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. येस, नो, थँक्यू एवढं येत होतं, पण तेही तोंडातून वेळेवर निघायचं नाही.

नवरा तिथून लांब, मुसफ्फाला वर्कशॉपमध्ये फोरमन होता. आठवडाभर तो कंपनीच्या कॅम्पवर असायचा आणि शुक्रवारच्या सुट्टीसाठी गुरुवारी संध्याकाळी कंपनीच्या बसने घरी यायचा. मुलगी शाळेत गेली की मी दार लावून घ्यायचे. ती परत येईपर्यंत घरात माझाही आवाज नसायचा.

एकदा मॅडम बरेच दिवस दिसली नाही. खालचा वॉचमन म्हणाला, "मॅडम को बुखार है." मी मुगाची मऊ खिचडी केली आणि स्टीलच्या डब्यातून मुलीच्या हाती पाठवली. दुसऱ्या दिवशी डबा घासूनपुसून परत आला. मी झाकण उघडून आत पाहिलं आणि पुन्हा लावलं.

"व्हॉट हॅपन्ड, मम्मी?"

"काही नाही गं. आपल्यात डबा रिकामा परत देत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. त्यांना कुठून माहीत असणार."

कार्टीने जाऊन हे मॅडमला सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे चार-आठ दिवसांनी मी घावन पाठवले, तर डब्यातून एक कॅसेट आली.

"शी कान्ट कुक, मम्मी," मुलगी म्हणाली. "सो शी गेव्ह म्युझिक."

नवऱ्याने गल्फमध्ये आल्या आल्या घेतलेला टू-इन-वन कपाटावर पडून होता. मी तो पुसला आणि कॅसेट लावली. आधी पायपेटीसारखा सूर आला. आमच्या गावी देवळापुढे नाटक व्हायचं तेव्हा पडदा उघडण्याआधी असाच सूर घुमायचा. मग एक माणूस गायला लागला. शब्द एकही कळला नाही. पण तो कोणाला तरी थांब म्हणत होता आणि ते माणूस थांबत नव्हतं, एवढं मला कळलं. भाजी चिरायची तशीच राहिली.

मॅडमने रेकॉर्ड लावून समोर टेपरेकॉर्डर ठेवून ती गाणी भरलेली होती. त्यामुळे तिसरं गाणं संपलं की तिचा खोकला ऐकू यायचा, मग कप बशीत ठेवल्याचा आवाज, आणि मग चौथं गाणं.

गुरुवारी नवऱ्याने ऐकलं. "हे गोरे नव्हेत," तो म्हणाला. "गोऱ्याच्या गळ्यातून असला आवाज निघतच नाही. काळे लोक आहेत, लिहून देतो."

मलाही तेच वाटलं होतं. मुलीने मॅडमला विचारलं, तशी मॅडम रेकॉर्डचं कव्हर घेऊन दारात उभी राहिली. कव्हरवर पाच पोरगे, तंग पॅन्ट, कपाळावर केस, आणि पाचही गोरेपान. मुलगी मध्ये उभी राहून मला सांगत होती. साठ सालानंतरचा हा बँड. काळ्या लोकांची गाणी ही पोरं जीव ओतून गायची. "दे कॉल इट ब्लू-आइड सोल."

"सोल म्हणजे?"

"आत्मा वगैरे. निळ्या डोळ्यांचा आत्मा."

नवरा आतून ओरडला, "मग आपल्या रत्नागिरीतले सगळे घारे गवईच व्हायला हवे होते!"

मॅडमला ते कळलं नाही, पण तीही आमच्याबरोबर हसली. मग तिने सांगितलं, की ती स्वतः तरुण पोर असताना तिच्या गावात हे पाचजण आले होते. सगळे नाचत होते आणि ती पूर्ण वेळ भिंतीला टेकून उभी होती. कोणी तिला नाचायला बोलावलं नाही आणि ती स्वतःहून गेली नाही. हे ऐकल्यापासून मी लिफ्टमध्ये तिच्याकडे बघून हसायला लागले.

मग तो पायंडाच पडला. मी डब्यात खायला घालून आधीची कॅसेट वर ठेवायची, तिने डब्यात दुसरी ठेवून पाठवायची. सगळ्या कॅसेट त्याच पाचजणांच्या. पण मला ती पहिली आवडायची, म्हणून फिरून फिरून तीच यायची.

मग मंदी आली. समोरच्या वाळूच्या मैदानात गाड्या धूळ खात उभ्या राहिल्या, त्यांचे मालक निघून गेलेले. संध्याकाळी पलीकडच्या टॉवरमध्ये दिवे कमी लागू लागले. नवऱ्याची नोकरी राहिली, पण कंपनीची बस बंद झाली, आणि तो कधीतरीच येऊ लागला. मॅडमच्या शाळेतली मुलं आईबापांबरोबर परत गेली, वर्ग कमी झाले, वयस्कर शिक्षकांना आधी काढलं. नोकरी गेली की व्हिसा गेला.

ती निघाली त्या दिवशी मुलगी शाळेत होती. बेल वाजली. दारात मॅडम, मागे दोन बॅगा, हातात माझा डबा. तिने झाकण उघडून मला दाखवलं. रिकामा. मग खांदे उडवून बॅगांकडे बोट केलं. सगळं बांधून झालं होतं, आत घालायला काही उरलं नव्हतं.

मला तो डबा घेता येईना. घेतला की संपलं, असं वाटलं. मी तिला हाताने थांब म्हटलं, आत गेले, सकाळच्या भाकऱ्या आणि वांग्याची भाजी डब्यात भरली, झाकण दाबून बसवलं आणि डबा परत तिच्या हातात दिला.

ती डब्याकडे बघत राहिली. मग काहीतरी म्हणाली, त्यातलं "कम बॅक" मला कळलं. मी धावत जाऊन कॅसेट आणली. तिने ती घेतली नाही. माझी मूठ कॅसेटसकट स्वतःच्या दोन्ही हातांनी बंद केली. लिफ्ट आली आणि ती गेली.

"गेली का तुझी मैत्रीण?" नवऱ्याने फोनवर विचारलं. मैत्रीण? आम्ही दोघी एकमेकींशी एक पुरं वाक्य बोललो नव्हतो. पण त्याने शब्द उच्चारल्यावर मला दुसरा सुचेना.

तिचा फ्लॅट बरेच महिने बंद होता. मी जाता-येता त्या दाराकडे बघायचे. कॅसेट मात्र रोज लावायचे. एक दिवस फीत यंत्रात अडकली, चुरगळली आणि तुटली.

आता मुलगी दुबईला ऑफिसात जाते. परवा तिला कपाटात ती कॅसेट सापडली. वरचं मॅडमचं अक्षर वाचून तिने फोनवर बँड शोधून काढला.

"मम्मी, ऑल देअर साँग्ज आर हियर! ऐक."

तोच पायपेटीचा सूर, तोच माणूस कोणाला तरी थांब म्हणतोय. आवाज इतका स्वच्छ, की जणू घरात येऊन गातोय. मुलीने कॅसेटवरच्याच क्रमाने गाणी लावली होती. तिसरं संपलं. मी खोकल्याची वाट बघत होते. लगेच चौथं सुरू झालं.

"काय झालं? दिस इज द वन, ना?"

"हो गं. हेच."

तिने मला ते कसं लावायचं आणि कुठे दाबून थांबवायचं, ते शिकवलं. ती ऑफिसला गेली की मी चहा घेऊन बसते आणि गाणी लावते. तिसरं संपलं की थांबवते. कप बशीत ठेवते. मग चौथं लावते.