दम पहिल्यांदा कधी लागला?

आमच्या फॉर्मवर चारच रकाने आहेत: वजन, दम पहिल्यांदा लागला ते वय, फुंकेचा आकडा आणि रक्ताचा रिपोर्ट. पण चार रकान्यांत मावणारा माणूस मला भोसरीत अजून भेटायचाय. मी इथल्या छातीच्या डॉक्टरांकडे टेक्निशियन आहे. बारा वर्षं लोकांना फुंकायला लावतेय आणि आकड्यांपेक्षा किस्सेच जास्त गोळा झालेत.

पहिला घोळ प्रश्नातच होतो. एका वर्कशॉपच्या सुपरवायझरला विचारलं, "दम पहिल्यांदा कधी?"

तो म्हणाला, "मला कोण दम देणार, मॅडम? तीस जण हाताखाली आहेत, मीच देतो."

एवढं बोलून पाच मिनिटं खोकत बसला.

मग वजन. लोक चपला काढतात, मोबाइल काढतात, एकाने तर खिशातला पाना काढून टेबलावर ठेवला. चाकणच्या कंपनीतला एक क्वालिटी इन्स्पेक्टर काट्यावर चढला, आकडा बघितला आणि खाली वाकून कॅलिब्रेशनचा स्टिकर शोधायला लागला. स्टिकर नव्हताच. मग हे रीडिंग मी मानत नाही, म्हणाला. पुढच्या वेळी पठ्ठ्या कंपनीतून तपासलेली वजनं घेऊन आला, तीही धापा टाकत दोन जिने चढून. काटा चुकतच होता. दोन किलो कमी दाखवत होता.

वजनं पिशवीत भरत तो म्हणाला, "राहू द्या. जुनंच लिहा."

फुंकेचं मशीन श्वासातला वायू मोजतं, त्यावरून श्वासनळ्यांच्या सुजेचा अंदाज येतो. दहा सेकंद हळू, एकसारखं फुंकायचं. आकडा जास्त म्हणजे सूज जास्त, हे कितीही सांगा, लोकांना ते मार्कच वाटतात. एका किडकिडीत मुलीचा नव्वद आला, तर तिचे वडील म्हणाले, "बारावीला एवढे पाडले असते तर!"

आणि कमलमावशी.

मावशी दिघीच्या. वय पन्नाशीचं, वजन ब्याण्णव. दम कधीपासून विचारलं, तर म्हणाल्या, "शेत इकलं त्या सालापासनं." म्हणजे चाळिशीपासून. रानातलं काम सुटलं, वजन चढलं, मागोमाग दम आला. त्यांचे यजमान बबनराव अंगाने काटक. त्यांचं एकच म्हणणं, हिला दमबिम काही नाही, कामाचा कंटाळा आहे. जिन्यात मावशी थांबल्या की हे पुढे निघून वर येऊन बसायचे. मावशींना गोळ्या-औषधांचं फार नव्हतं. नवऱ्याने एकदा तरी खरं मानावं, एवढंच हवं होतं.

मावशींनी फुंकलं. आकडा आला चौदा.

बबनराव खूश. "बघा, मशीन बी म्हनतंय, काय न्हाई."

मला खरंच राग आला. डॉक्टर मात्र शांत होते. त्यांनी समजावलं, की लहानपणापासूनचा, ॲलर्जीचा दमा असला तर आकडा बहुतेक वर जातो. वजन वाढल्यावर, उशिरा सुरू झालेल्या दम्यात तो पुष्कळदा खालीच राहतो. पण माणसाला दम तितकाच लागतो. बबनरावांना काही ते पटलं नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, तुम्हीही एकदा फुंका. बबनरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि फुंकलं.

ब्याऐंशी.

डॉक्टरांनी मला त्यांचाही फॉर्म भरायला सांगितला. मी नेहमीचा प्रश्न विचारला. "मला? दम? कदीच न्हाई," बबनराव म्हणाले.

मावशी खुर्चीत बसून अजून श्वास गोळा करत होत्या. नवऱ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"लिवा ताई, पाचव्या वर्सी," त्या मला म्हणाल्या. "सासूबाई जाताना सांगून गेल्या, सोळा वर्सं झाली. म्हनल्या, तुला ठावं हाय हे त्याला कळू देऊ नगं."