फूटपट्टीची मतं

त्या वाचनालयात मुलांसाठी एकच नियम होता. पुस्तक परत करताना शेवटच्या पानावर चिकटवलेल्या कागदावर आपलं मत लिहायचं, मगच नवं पुस्तक मिळायचं. बहुतेक मुलं ‘छान आहे’ लिहून मोकळी व्हायची. एक मुलगी मात्र कागद पुरेना म्हणून मागच्या पुठ्ठ्यावरही लिहायची.

ती बारा वर्षांची होती. अंगानं काडी, आणि दप्तरात कायम लाकडी पट्टी, म्हणून मुलं तिला फूटपट्टी म्हणायची. साहसाच्या गोष्टी ती अधाशासारखी वाचायची आणि वाचून झाल्या की त्यांची हजेरी घ्यायची. एका पुस्तकात तिनं लिहिलं होतं, ‘ही मुलं बेटावर तीन दिवस राहतात आणि एकालाही शी लागत नाही.’ दुसऱ्यात, ‘चोर मुलांसमोर सगळा बेत मोठ्यानं सांगतो. आमच्याकडे चोरी झाली तेव्हा चोर एक अक्षर बोलला नाही.’ आणि जवळजवळ प्रत्येक पुस्तकात कुठेतरी हे वाक्य असायचंच: ‘मुलांच्या आया कुठे आहेत ते शेवटपर्यंत कळत नाही.’

ग्रंथपालबाईंना हसू यायचं. “लेखक भेटला तर पाया पडेल गं तुझ्या,” त्या म्हणायच्या. “किंवा पळून जाईल.”

“पळाला तर किती वेगानं पळाला ते मोजीन,” फूटपट्टी म्हणायची. तिला बाई थट्टा करतायत हे कळायचं, पण उत्तर ती खरंच द्यायची.

हळूहळू मुलं पुस्तक घेताना आधी मागचं पान उघडू लागली. फूटपट्टीनं ‘खोटं’ लिहिलं असेल तर पुस्तक पडून राहायचं. ‘हे होऊ शकतं’ असं तिनं आजवर एकदाच लिहिलं होतं, निळ्या पुठ्ठ्याच्या पुस्तकात.

त्या गोष्टीतली भावंडं गावाखालच्या पाण्याच्या पाइपातून रांगत जाऊन खजिना शोधतात. पाइपाच्या बाबतीत फूटपट्टीला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिची आई तळ्यावरच्या पंपघरात ऑपरेटर होती. तळ्यापासून गावाकडे जो लोखंडी पाइप जमिनीखालून जातो, त्याच्या तोंडाशी एक मोठं चाक आहे. चाक फिरवलं की पाणी सुटतं. ते चाक आईच्या हातात असायचं. म्हणून तिनं लिहिलं होतं: ‘लेखकानं पाइप पाहिलेला नाही, पाणी वाहत असताना आत कुणी वाचणार नाही. पण रविवारी पाइपाच्या तोंडाची जाळी धुतात तेव्हा नऊ ते बारा पाइप रिकामा असतो. रुंदी तीन फूट, मी मोजली आहे. टेकडीखालच्या झाकणाला कुलूप नाही. तेव्हा गेलं तर हे होऊ शकतं.’

लिहून झाल्यावर तिला फार बरं वाटलं होतं. लेखकाची चूक दाखवून ती दुरुस्तही करून दिली होती.

दोन महिन्यांनी एका रविवारी सकाळी आई डबा भरता भरता म्हणाली, “आज लवकर येईन. जाळी धुवायला नवं यंत्र आलंय. साहेब म्हणाले, तासाभरात होईल, दहाला पाणी सोडा.”

“बरं,” फूटपट्टी म्हणाली आणि सायकलवरून वाचनालयात गेली.

साडेनऊ वाजले होते. बाई कपाट झाडत होत्या. “तुझं ते निळं पुस्तक गेलं बरं का,” त्या म्हणाल्या. “समोरच्या शिंपीणबाईंच्या दोघी मुली शुक्रवारी घेऊन गेल्या. म्हणाल्या, गोष्टीपेक्षा मागचं मतच भारी आहे. धाकटी विचारत होती, टेकडीखालचं झाकण म्हणजे वडाजवळचं का.”

फूटपट्टी हातातलं पुस्तक टेबलावर ठेवायला गेली, ते खाली पडलं. तिनं उचललं नाही.

रस्त्यापलीकडे शिंपीणबाई मशीनवर वाकल्या होत्या. “दोघी? सकाळीच गेल्या की मैत्रिणीकडे. आणि माझी मापाची टेप घेऊन गेल्या, भवान्या. सकाळपासून दोऱ्यानं मापं घेतेय मी.” मग तिचा चेहरा पाहून त्यांनी मशीन थांबवलं. “का गं?”

फूटपट्टीनं सांगितलं तेव्हा त्या इतकंच म्हणाल्या, “तू आईकडे जा. मी झाकणाकडे पळते.” पायांत चपला घालायचंही त्यांना सुचलं नाही.

ग्रंथपालबाई पंपघराला फोन लावत राहिल्या. तिथे यंत्राच्या आवाजात फोन कधीच ऐकू येत नसे, हे फूटपट्टीला ठाऊक होतं. तळ्याचा रस्ता चढाचा. अर्ध्यावर तिनं सायकल टाकली आणि धावत सुटली. रस्त्याच्या कडेला जमिनीखालून तोच पाइप चालला होता. रोज ती त्याच्यावरून उड्या मारत जायची. आज तिला तिथे पाय टाकवेना.

ती पोचली तेव्हा दहा वाजून चार मिनिटं झाली होती. आई चाकाला टेकून उभी होती, दोन्ही हात वरच्या बाजूला.

“आई, फिरवू नकोस.”

“काय?”

“आत मुली आहेत.”

आईनं हात काढले नाहीत. “पाहिलंस तू त्यांना जाताना?”

“नाही.”

“मग कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मीच लिहिलंय. रविवारी नऊ ते बारा.” तिला श्वास पुरत नव्हता. “पुस्तकात लिहिलंय मी.”

टेबलावरचा फोन वाजत होता. आता जवळून तो ऐकू येत होता. साहेब असतील, किंवा बाई. आईनं तिकडे पाहिलं, मग मुलीकडे. साठ फेऱ्यांत पूर्ण उघडणारं चाक होतं, सात फेऱ्या फिरवून झाल्या होत्या.  आईनं चाक उलटं धरलं आणि सातही फेऱ्या मागे घेतल्या. मग वहीत वेळ लिहिली आणि खाली सही केली, कारण गावाचं पाणी अडवलं तर त्याचा जाब तिलाच द्यावा लागणार होता.

टेकडीखाली झाकण बाजूला सरकवलेलं होतं. त्याच्याजवळ चपलांचे दोन जोड होते, कुणाच्या घरात पाहुणं म्हणून जाताना काढावेत तसे, एका ओळीत. शिंपीणबाई भोकाशी पालथ्या पडून हाका मारत होत्या. आतून नुसता त्यांचाच आवाज परत येत होता.

आई गुडघ्यांवर बसली. तिनं कमरेचा पाना काढून कडेच्या लोखंडावर तीन ठोके मारले, आणि सगळ्यांना गप्प केलं. बराच वेळ काही नाही. मग पाण्याचा चुबुक चुबुक आवाज, आणि त्यामागून धाकटीचा, कंटाळलेला: “ताई, मी आकडा विसरले. तुझ्यामुळे.”

दोघी बाहेर आल्या तेव्हा कोपरापर्यंत भिजल्या होत्या. धाकटीच्या गळ्यात मापाची टेप होती. शिंपीणबाईंनी आधी दोघींना एकेक धपाटा घातला आणि मग सोडेचनात.

“मध्येच पाणी आलं,” थोरली फूटपट्टीला म्हणाली. दात वाजत होते तिचे. “तुझ्या मतात नव्हतं ते.”

फूटपट्टीनं चपलांचे दोन्ही जोड उचलून दोघींच्या पायांशी ठेवले.

संध्याकाळी ते निळं पुस्तक वाचनालयात परत आलं. फूटपट्टी शेवटचं पान फाडायला निघाली, तर बाईंनी तिचा हात धरला. “मत फाडायचं नसतं. बदललं असेल तर खाली लिही.”

“खाली जागा नाही. मी पुठ्ठ्यापर्यंत लिहिलंय.”

“बघ तरी.”

जागा होती, पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात. पण तिथे आधीच कुणीतरी लिहिलेलं होतं. पेन्सिलीनं, बारीक, एकमेकांना चिकटलेली अक्षरं: ‘अर्ध्यापर्यंत जाऊन आलो. पुढचं पुढच्या रविवारी.’

“शिंपीणबाईंच्या मुलींचं?” बाईंनी विचारलं.

फूटपट्टीनं नकारार्थी मान हलवली. दोघींचं अक्षर तिला माहीत होतं, थोरली शाळेत तिच्याच बाकावर बसायची आणि धाकटीची मतं तिनं इतर पुस्तकांत वाचली होती. बाईंनी पुस्तकाचं कार्ड काढलं. आधी ते तिघांनी नेलं होतं. तिघांनाही दुसऱ्या दिवशी बोलावून विचारलं, तिघंही नाही म्हणाले, आणि तिघांचीही अक्षरं वेगळी निघाली. पण वाचनालयात बसून पुस्तक चाळणाऱ्याचं कार्ड कुठे असतं? आणि ‘पुढच्या’ म्हणजे कुठल्या रविवारी? तारीख घातलेली नव्हती.

खात्याकडे आईनं कुलपासाठी अर्ज दिला. त्याचं उत्तर यायच्या आधीच घराच्या दाराचं कुलूप काढून तिनं झाकणाला लावलं. आता चाकाला हात लावण्यापूर्वी ती पाइपावर पान्यानं तीन ठोके मारते आणि लोखंडाला कान लावून उभी राहते. साहेब फोनवर ओरडतात. ती म्हणते, “ऐकतेय, साहेब,” आणि ऐकत राहते, पण साहेबांचं नव्हे.

निळं पुस्तक बाईंनी आपल्या टेबलाच्या खणात ठेवलंय. फूटपट्टी दर रविवारी नऊ वाजता टेकडीखाली जाते आणि झाकणावर मांडी घालून बसते. सोबत गोष्टीचं पुस्तक असतं, पण पान फारसं उलटत नाही. पाणी सुटल्याची थरथर मांडीखाली जाणवेपर्यंत ती उठत नाही.

गेल्या रविवारी ती पोचली तेव्हा कुलूप जागच्या जागी होतं. त्याच्या कडीभोवती मात्र ताजे, चकचकीत ओरखडे होते. फूटपट्टीनं दप्तरातून पट्टी काढली आणि एकेक करून ते मोजले. मग झाकणाला कान लावून तिनं दगडानं तीन ठोके मारले, आणि आई वाट पाहते तितकी वाट पाहिली. मग आणखी थोडी.