मास्तर, लेवानी नही

जुनी गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला गाडी कधी मिळेल ते सांगता येत नाही, पण किस्से पहिल्या दिवसापासून मिळायला लागतात. मी साडेचार महिन्यांत अकरा गाड्या बघितल्या. त्यातल्या काहींचा रंगही आता आठवत नाही. किस्से मात्र सगळे आठवतात, आणि स्टाफरूममध्ये सांगायला लागलो की मला अजूनही खुर्चीवर बसवत नाही. उभं राहूनच सांगावे लागतात.

मी खापरजवळच्या एका शाळेवर मास्तर. बायको, रेखा, तिथल्याच उपकेंद्रात नर्स. दोघांची घरं नंदुरबारची, पण नोकरीमुळे राहायला खापरला. घरात एक मोटारसायकल, तिच्यावर आमचं सगळं चालायचं. दोन वर्षांपूर्वी रेखाला दिवस गेले होते आणि पाचव्या महिन्यात ते मूल गेलं. डॉक्टर म्हणाल्या, गाडीवरच्या हादऱ्यांनीच झालं असं काही सांगता येत नाही. मला मात्र प्रत्येक खड्डा आठवत राहिला.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी ठरवलं, आता मोटारसायकल नाही आणि दाटीवाटीची काळीपिवळी जीपही नाही. नववा लागायच्या आत चारचाकी घ्यायची आणि रेखाला तिच्यातून नंदुरबारला माहेरी न्यायचं. नवी परवडत नव्हती, म्हणून जुनी. आणि जुनी म्हटली की नाना मिस्तरी.

नानांचं गॅरेज नंदुरबारला, रेल्वे लाईनच्या अगदी कडेला. गाडी तपासताना मालगाडी आली तर नाना हात वर करून सगळ्यांना थांबवतात, शेवटचा डबा जाईपर्यंत गप्प उभे राहतात आणि मग इंजिनाला कान लावतात. तपासून झालं की खांद्यावरची चिंधी काढायची, दोन्ही हात आलटून पालटून पुसायचे, चिंधीची घडी करून परत खांद्यावर टाकायची आणि मग निकाल द्यायचा. तो निकाल ऐकायला मी अकरा वेळा उभा राहिलो. प्रत्येक वेळी तोच, घ्यायची नाही, आणि तोही त्यांच्या अहिराणीत.

"मास्तर, लेवानी नही."

*

पहिली गाडी आमच्याच केंद्रातल्या एका गुरुजींची. पांढरी, स्वच्छ, आत देवाचा फोटो, सीटवर प्लास्टिक तसंच. मीटरवर किलोमीटर इतके कमी की मला वाटलं, देवच पावला.

"घरगुती वापर आहे हो," गुरुजी म्हणाले. "फक्त रविवारी काढतो, देवाला जायला."

नानांनी मीटरकडे बघितलंसुद्धा नाही. खाली वाकले आणि ब्रेक-क्लचच्या पायट्यांवर टॉर्च मारला. पायट्यांचं रबर पार झिजून आतलं लोखंड चकाकत होतं. नानांनी ते बोटाने चाचपलं, बाहेर आले, हात पुसले.

"गुरुजी, तुम्हना देव कोनता शे?"

"कुलदैवत. का?"

"भलताच लांब राहस."

गुरुजी गाडी घेऊन गेले. मीटर मागे फिरवता येतं, पायाखालचं रबर कोणी फिरवत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तुम्ही जुनी गाडी बघायला गेलात तर मान वर ठेवू नका, आधी खाली बघा.

*

त्या दिवसांत मी फार वैताग आणायचो. चहा उभ्यानेच प्यायचो. नाना बोनेटखाली असले की मी गाडीभोवती फेऱ्या मारायचो, टायरला लाथ मारायचो, दारं उघडून आपटायचो. एकदा नाना बोनेटखालूनच म्हणाले, "मास्तर, जरा बठा ना. तुम्हनं इंजिन न्यूट्रलमा बी रेस शे."

बसलो. अर्ध्या मिनिटात परत उठलो. घरी रेखाच्या साड्यांच्या निऱ्या वर सरकायला लागल्या होत्या आणि इथे हा माणूस एकेक नट शांतपणे बघत होता.

*

सहाव्या महिन्यात सारंगखेड्याहून निरोप आला की दगाजी आबांची जीप विकाऊ आहे. आबा घोड्यांचे व्यापारी. तिथल्या घोड्यांच्या यात्रेत त्यांचं पाल, म्हणजे तंबू, ठरलेल्या जागी असतं. घोडा विकताना त्याची खोड आधी सांगायची, नंतर भांडण नको, हा त्यांचा आयुष्यभराचा रिवाज. जीपही त्यांनी त्याच रिवाजाने दाखवली.

"मास्तर, पह्यलेच सांगस. हाई गाडी डावीकडे बुजस."

"बुजते म्हणजे?"

"सरळ जाता जाता डावीकडे तोंड फिरवस. लगाम घट्ट धरना पडस."

नानांनी तापीच्या पुलापर्यंत चालवून बघितली. दोन वेळा आम्ही रस्ता सोडून उसाकडे निघालो होतो. नाना खाली उतरून जीपच्या पोटाखाली झोपले आणि उठले तेव्हा त्यांना दगाजी आबांचं कौतुक वाटत होतं. चेसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, वाकडी होती. कधीतरी मोठा दणका बसला होता आणि आबांना ते माहीतच नव्हतं, पण खोड त्यांनी बरोबर सांगितली होती.

"आबा, माणूस लाखमा एक शे," नाना म्हणाले. हात पुसले. "मास्तर, लेवानी नही."

आबांना वाईट वाटलं. गाडी कशासाठी हवी, हे त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते दाढी खाजवत पालामागे गेले आणि एक तांबडी घोडी घेऊन आले.

"हाई लई जा. मन्ही बहीणले बी हिन्ही मायवर बसाडीसन माहेर लई उनथू. पोटमा पाणी हालनार नही. पोर व्हयनं का परत आणी द्या."

ते अगदी मनापासून बोलत होते. मला राग आला होता, पण तो कोणावर काढायचा ते कळेना. घरी येऊन रेखाला सांगितलं तर ती म्हणाली, "घोडीले डावीकडे बुजानी खोड नही ना? मग चालस."

*

सातव्या महिन्यात रमणभाई आले. हे गाड्यांचे दलाल, धंदा गुजरात बॉर्डरच्या पलीकडे, सासुरवाडी अलीकडे. त्यांनी आणलेली गाडी इतकी चकाचक होती की मी मनातल्या मनात रेखाला मागच्या सीटवर बसवूनही टाकलं. आत अत्तराचा घमघमाट.

"साहेब, मख्खन गाडी छे. आंख बंध करीने लई जाव."

अत्तर म्हटल्यावर नानांनी नाक वर केलं. मग ड्रायव्हरचा सीट बेल्ट धरला आणि ओढायला लागले. आपण बेल्ट लावायला लागेल तेवढाच ओढतो. नाना ओढतच राहिले, पार शेवटपर्यंत. शेवटची वीतभर पट्टी बाहेर आली आणि तिच्यावर वाळलेला गाळ होता. नानांनी नखाने खरवडला, तो सीटवर पडला.

गाडी पुरात उभी होती. किती दिवस, ते रमणभाईंनाच माहीत.  रमणभाईंनी मात्र वेळ घालवला नाही.

"तापीमातामां स्नान करेली गाडी छे, साहेब. एकदम पवित्र."

मी रमणभाईंच्या अंगावर धावून गेलो, नानांनी मला कमरेला धरून मागे ओढलं. आता हसतो, पण तेव्हा माझ्याकडे दोन महिने उरले होते आणि बघण्यासारखी गाडी एकही उरली नव्हती.

*

आठव्या महिन्यात रेखा तपासणीला नंदुरबारला आली होती, म्हणून तिलाही गॅरेजवर नेलं. नेमकी त्याच दिवशी निळी गाडी आली. नानांनी रबर बघितलं, बेल्ट ओढला, चेसी बघितली, मालगाडी जाऊ दिली आणि इंजिन ऐकलं. आणि नाना मिस्तरी चक्क हसले. मी चार महिन्यांत पहिल्यांदा आपणहून खाली बसलो.

"बाई, तुम्ही बठा मांगे," नाना रेखाला म्हणाले. "तुम्हनासाठीच लेवानी शे."

रेखा मागे बसली, मी पुढे. ऊन होतं म्हणून नानांनी एसीचा पंखा लावला.

पहिली शिंक मला आली. नंतर रेखाला आली आणि ती थांबेना. एकावर एक, दोन्ही हातांनी पोट धरून. डोळ्यांतून पाणी, श्वास घ्यायला फुरसत नाही. मी दार उघडून तिला बाहेर काढलं. ती गॅरेजच्या पायरीवर बसली आणि पोटावर हात ठेवून काहीतरी ऐकत असल्यासारखी गप्प झाली. ते एक मिनिट मी कसं काढलं, मला सांगता येणार नाही. मग ती म्हणाली, "हालनं. बरं शे."

गाडी मिरचीच्या व्यापाऱ्याची होती. नंदुरबारला हंगामभर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत असते आणि ही तिथेच मधोमध उभी असायची. भुकटी पार पंख्याच्या नळ्यांत जाऊन बसलेली. नानांना काहीच झालं नव्हतं. ना शिंक, ना खोकला.

"मन्हं नाक याच हवामा वाढनं," ते हळूच म्हणाले. "माले समजनंच नही, बाई."

रेखाने डोळे पुसले. "नाना, बाकी गाडी चांगली शे ना?"

"सोनं शे," नाना म्हणाले. मग चिंधी काढली आणि हात पुसत बसले. इतका वेळ पुसले की पुसण्यासारखं काही राहिलं नसावं. "पन लेवानी नही."

*

नववा लागला आणि गाडी नव्हती. त्या सकाळी मी नानांना फोन केला आणि नको नको ते बोललो. तुम्हाला गाडी घेऊच द्यायची नव्हती, तुम्हाला फक्त खोट काढायची हौस, माझ्या घरात काय चाललंय ते तुम्हाला काय कळणार. नानांनी सगळं ऐकून घेतलं.

"उद्या धा वाजता बाईले तयार ठेवा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दहाला खापरमध्ये आमच्या दारात गाडी थांबली. निळी. स्टिअरिंगवर नाना.

मी तोंड उघडायच्या आत त्यांनी सांगितलं. गाडी त्यांनी घेतली होती. डॅशबोर्ड पूर्ण उतरवून एकेक नळी तीन वेळा धुतली होती. तरी पंख्याच्या बटणावर काळी चिकटपट्टी मारलेली. "अजून माले खात्री नही. आज काच उघडी ठेवसूत."

खापर ते नंदुरबार आम्हाला साडेतीन तास लागले. नानांनी एकही खड्डा अंगावर घेतला नाही. खड्डा दिसला की थांबायचे, खाली उतरून बघून यायचे, मग बाजूने काढायचे. तळोद्याच्या अलीकडे एका बैलगाडीने आम्हाला ओव्हरटेक केलं. मागे हॉर्न वाजत होते, लोक शिव्या देत होते. आणि मी, ज्याला अर्धा मिनिट बसवत नाही, मागच्या सीटवर रेखाचा हात धरून साडेतीन तास बसलो.

मुलगी झाली, तीन आठवड्यांनी. दोघी सुखरूप.

*

घरी सोडायच्या दिवशी नाना गाडी घेऊन दवाखान्यात आले. मधल्या काळात मी त्यांच्या मागे लागून गाडी माझ्या नावावर करून घेतली होती, कागद आदल्याच दिवशी हातात पडले होते आणि माझ्या शर्टाच्या खिशात होते. एप्रिलचं दुपारचं ऊन. रेखा मागे बसली, मांडीवर पाच दिवसांची पोर. मी शेजारी.

नानांनी सगळ्यांच्या देखत पंख्यावरची चिकटपट्टी सोलून काढली.

"आज लावसू. पाच डाव धुई टाकी. मी सोता जाळीले नाक लाईसन सुंघी दखं. काहीच नही."

पंखा सुरू झाला. मी श्वास रोखला. रेखाने पदर नाकाला लावला, मग हळूच काढला. थंडगार, स्वच्छ हवा. रेखा जवळपास महिनाभर नंदुरबारच्या मिरचीच्या हवेत होती, मी येऊन-जाऊन होतो. कोणालाच काही झालं नाही. नाना आरशातून आमच्याकडे बघत होते आणि इतके खूश होते की त्यांनी चक्क एक खड्डा अंगावर घेतला.

रेल्वे फाटकापाशी पोचलो आणि मांडीवरून आवाज आला. एवढासा. मग पुन्हा एक, आणि लगेच तिसरा.

नानांनी पंखा बंद केला. गाडी कडेला घेतली. खाली उतरले, मागचं दार उघडलं आणि कमरेत वाकून पोरीकडे बघत राहिले. शिंकून शिंकून तिने नाक आक्रसलं होतं. मालगाडी आली, शेवटचा डबा जाईपर्यंत नाना तसेच थांबले. मग सरळ झाले, खांद्यावरची चिंधी काढली, दोन्ही हात पुसले, घडी केली, परत खांद्यावर टाकली.

"मास्तर," ते म्हणाले, "लेवानी नही."