मावशींची गाडी आणि माझी प्रदक्षिणा

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. नाही, नुसती मान डोलवून चालायचं नाही, तोंडानं म्हणा! आणि बिस्किटं पुढे सरकवा जरा, कारण ही हकिगत कोरड्या घशानं सांगण्यासारखी नाही.

माणूस चूक करतो आणि झाकून टाकतो. मला ती सोय नव्हती. माझी चूक मी स्वतःच्या हातांनी, पांढऱ्याशुभ्र चुन्यानं, हावड्यातल्या एका मोकळ्या मैदानावर चांगली ठळक आखून ठेवली होती. बाणांसकट!

त्या वेळी बँकेनं माझी सोलापूरहून कलकत्त्याला बदली केली होती. सत्तरचं दशक संपत आलं होतं. अख्ख्या शहरात आपलं म्हणावं असं माणूस एकच, माझ्या बायकोची, सुधाची मालूमावशी. मावशींचा जन्मच कलकत्त्याचा. मराठ्यांच्या धास्तीनं इथल्या लोकांनी पूर्वी जो खंदक खणला तो म्हणे बागबाजारपासून सुरू व्हायचा, आणि आमच्या मावशींचं घर नेमकं बागबाजारात! मुलींच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. एकट्या राहायच्या. कडक खळीची, हातमागाची ताँतची साडी, जाड भिंगांचा चष्मा, आणि कमरेला किल्ल्यांच्या जुडग्याऐवजी स्क्रू ड्रायव्हर.

मी काही उगाच कुणाची तारीफ करत नाही. पण ही बाई म्हणजे काय चीज होती, सांगतो. त्यांनी घरात बसून रेडिओवर चालणारी मोटार बनवली होती! हातभर लांब गाडी. तिला विमानाच्या मॉडेलचं चिमुकलं इंजिन. बाईंनी लांब उभं राहून हातातल्या डब्याच्या दांड्या हलवायच्या, की गाडी तिकडे वळायची. ना तार, ना दोरी! अंग बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याचं, आणि चाकं हवाई चपलांच्या रबरातून कोरलेली. त्यातली एक चप्पल माझी होती असा माझा संशय आहे.

अशा गाड्यांचा शौक असलेल्यांचा एक छोटासा क्लब होता. वर्षातून एकदा मातीच्या लंबगोल ट्रॅकवर शर्यत व्हायची. क्लबचे सेक्रेटरी भादुडीबाबू. हावड्याला त्यांची फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना होता. माणूस गोरागोमटा, दिलदार, आणि बोलायला लागला की समोरच्यानं खुर्ची शोधावी असा. क्लबात सगळे पुरुष. मावशी कित्येक वर्षं ‘पाहुण्या’ म्हणून जायच्या आणि या पुरुषांचे बिघडलेले रेडिओ दुरुस्त करून परत यायच्या. मेंबर काही त्यांना कुणी करेना.

शेवटी एकदा मावशींनी सरळच विचारलं. भादुडीबाबू पोट धरून हसले आणि म्हणाले, “दीदी, आप रेस जीतिए, उसी दिन मेंबर!”

सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत. घरी आल्या आणि गाडीचे चारही स्क्रू उघडून बसल्या.

पुढचे काही आठवडे मी आणि सुधा जाऊन ती तयारी बघायचो. आणि काय बघायचो? गाडी साफ वाकडी! उजवीकडची चाकं मोठी, डावीकडची लहान. पुढची चाकं डावीकडे कललेली. गळाला लावायची शिशाची वजनं आणि रेडिओचे सेल सगळे डाव्या अंगाला. टपाल तोलायच्या काट्यावर एकेक चाक ठेवून मावशी कुठे किती भार पडतो ते पाहायच्या आणि शिशाचा एवढासा तुकडा इकडचा तिकडे करायच्या. देवघरातल्या मूर्तीला गंध लावावं इतक्या हलक्या हातानं!

“जावईबापू, हे असं का केलंय सांगू का?” मावशींनी एकदा विचारलं.

माझ्या तोंडात अख्खा संदेश होता, ती बंगाली मिठाई हो. “कळलं, कळलं!” मी म्हणालो.

आता मला काय कळलं होतं ते पुढे येईलच. पण तुम्ही तरी अंधारात राहू नका. खरं कारण असं. या शर्यतीत सगळ्या गाड्या डावीकडेच वळत राहतात, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. धावपटू मैदानाला फेऱ्या मारतात ना, तशा. वळताना गाडी बाहेर, म्हणजे उजवीकडे फेकली जाते. म्हणून भार डावीकडे. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं म्हणून ते मोठं. सरळ रस्त्यावर ती गाडी लंगडी, पण त्या ट्रॅकवर ती राणी! हे सगळं मला पुढे समजलं. तेव्हा मी फक्त दुसरा संदेश उचलला होता.

बरं, शर्यत एरवी कलकत्त्याच्या मोठ्या मैदानावर, फोर्ट विल्यम किल्ल्याच्या बाजूला व्हायची. त्या वर्षी ती जागा फौजेच्या कवायतीला गेली. भादुडीबाबू म्हणाले, माझ्या फाउंड्रीमागे मोकळी जागा आहे, तिथे घेऊ. पण ट्रॅक आखायचा कुणी? दरवर्षी त्यावरून भांडणं. ज्याची गाडी नाही असाच माणूस हवा.

“जामाईबाबू!” भादुडीबाबू माझ्याकडे बोट दाखवून ओरडले.

बंगालात जावयाचा मान काय असतो तुम्हाला ठाऊक आहे? मावशींचा जावई म्हणजे अख्ख्या क्लबचा जावई! मला मिष्टी दोई, म्हणजे गोड दही, मला मोठी खुर्ची, मला पंख्याखालची जागा. आणि मीही तिथे बसून “सगळा खेळ सेटिंगचा असतो” अशी वाक्यं फेकत होतो. मावशींच्या तोंडून ऐकलेलीच, पण मी ती मान तिरकी करून म्हणायचो. भादुडीबाबूंना मी तज्ज्ञ वाटायला लागलो होतो. खरं सांगायचं तर मलाही वाटायला लागलो होतो.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी मी चुन्याची बादली घेऊन फाउंड्रीमागे गेलो. जागा झकास. मधोमध कामगारांनी बांधलेला विश्वकर्म्याचा ओटा, वर छोटी मूर्ती. मी ओट्याभोवती सुंदर लंबगोल काढला. आता बाण. गाड्या कुठल्या दिशेनं जाणार?

तुम्हीच सांगा, मधे देव आहे आणि त्याच्याभोवती फिरायचंय, तर कसं फिराल? देव उजव्या हाताला ठेवूनच ना? लहानपणापासून आईनं देवळात खांदा धरून शिकवलेलं! मला विचारसुद्धा करावा लागला नाही. मी काढले बाण, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं. सुधानं लांबून पाहिलं आणि म्हणाली, “वा! अगदी प्रदक्षिणा.”

इथवर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण उत्साह! कारखान्यातले कामगार भोवती जमले होते. मी नारळ मागवला, झेंडूची माळ मागवली, यथासांग पूजा केली आणि माझ्या सोलापुरी हिंदीत भाषण ठोकलं. गाड्या भगवानाला प्रदक्षिणा घालणार, त्यानं भट्टीची भरभराट होईल, कुणाला इजा होणार नाही वगैरे. कामगार खूश! मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी आली. क्लबचे अध्यक्ष आले, निवृत्त जज. भादुडीबाबू आपली परदेशी गाडी कडेवर घेऊन आले, बाण पाहिले आणि जागीच थिजले.

“की शोर्बोनाश! जामाईबाबू, ये तीर उल्टा काहे?”

“उलटा कसा? सुलटाच आहे!”

“आरे मोशाय, सब गाड़ी बायें घूमने के लिए बना है!”

तरी मी म्हटलं, त्यात काय, पुसून टाकू बाण, फिरवू उलट्या. मी बादली उचलली. तेवढ्यात एक म्हातारा मिस्त्री पुढे आला. मागे सगळा कारखाना उभा.

“बाबू, भगवान के चारों ओर उल्टा चक्कर? कल तो आप ही बोले थे।”

आता हावडा, त्यात फाउंड्री, त्यात ते दिवस. कामगार नाराज म्हणजे काय ते मालकालाच विचारावं. भादुडीबाबूंना डोळ्यांपुढे घेराव दिसायला लागला. बंद गेट आणि लाल झेंडेसुद्धा दिसले असावेत. त्यांनी बादली माझ्या हातून काढून घेतली आणि हळूच म्हणाले, “रहने दीजिए। दाहिने ही जाएगा।”

आणि मग जे झालं ते काय वर्णावं! शर्यतीआधी सरावाला एकेक गाडी सुटायची, पहिल्या वळणापर्यंत ऐटीत जायची, आणि उजवीकडे वळवली की पालथी! पाय वर केलेल्या झुरळासारखी, चाकं फिरताहेत हवेत. भादुडीबाबूंची परदेशी गाडी तर थेट साच्यांच्या वाळूच्या ढिगात घुसली आणि आतूनच गुरगुरत राहिली. तिला खणून काढावं लागलं.

“तीन मॅगझिन पढ़के सेट किया था!” ते कळवळून म्हणाले. त्यांनी परदेशी मासिकातल्या फोटोवरून तंतोतंत नक्कल केली होती. पण फोटोत गाडी डावीकडे वळत होती, त्याला ते तरी काय करणार?

मावशी? मावशी एका उलट्या ठेवलेल्या पेटीवर बसून सगळं बघत होत्या. मग उठल्या, पदर खोचला, जजसाहेबांकडे चहाच्या सुट्टीएवढा वेळ मागून घेतला आणि गाडी मांडीवर घेतली. उजवीकडची चाकं डावीकडे, डावीकडची उजवीकडे. पुढच्या चाकांचा कल बदलला. शिसं आणि सेल या अंगावरून त्या अंगावर. पर्समधून टपालाचा काटा काढला, चाकं तोलली, एक तुकडा नखभर सरकवला. कुठलं पुस्तक नाही, कुणाला विचारणं नाही. अख्खी गाडी बाईंनी आरशात उलटी दिसावी तशी करून ठेवली! मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आजही आठवलं की वाटतं, उठून नमस्कार करावा.

शर्यत सुरू झाली, मावशींची गाडी सुटली. पहिलं वळण घेतलं. दुसरं घेतलं. धूळ उडवत, ओट्याला उजवी घालत, झपाझप फेऱ्या. कामगार टाळ्या वाजवून नाचायला लागले. बाकीच्यांपैकी दोन गाड्या कशाबशा रांगत होत्या, एक तर आडवीच सरपटत होती. मावशी जिंकल्या! सुधानं मला मिठी मारली, भर मैदानात!

आणि तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “ट्रॅक किसने बनाया? दीदी का जामाई!”

भादुडीबाबूंनी माझ्याकडे पाहिलं, मग मावशींकडे. मनुष्य वाईट नव्हता हो, त्यांनाही ते बोलवत नव्हतं. पण कुजबूज सुरू झाली. मावशींना आधीपासून ठाऊक होतं. दोघांनी मिळून केलं. बर्गींनी, म्हणजे आम्हा मराठ्यांनी, पुन्हा बंगाल लुटला!

जजसाहेबांनी खुर्ची ओट्यापाशी ओढून घेतली आणि मला समोर उभं केलं. त्यांनी इंग्रजीत विचारलं, मी मराठीत सांगतो. “या गाड्या डावीकडे वळायला सेट केलेल्या असतात, हे तुम्हाला माहीत होतं?”

आता आली का पंचाईत! नाही म्हणावं तर मी मूर्ख. हो म्हणावं तर मी लबाड. आणि इतके दिवस पंख्याखाली बसून मी जी तज्ज्ञगिरी केली होती, ती सगळी माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, “अर्थात! मला सेटिंगमधलं सगळं कळतं!”

एकच गलका झाला. “देखा! देखा!” आणि मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसायला घेतला होता. इतकी वर्षं या लोकांचे रेडिओ दुरुस्त केलेली बाई, आज स्वतःच्या हातांनी जिंकली, आणि माझ्या एका बढाईनं तिचं मेंबर होणं तर गेलंच, नावही जात होतं. जमीन दुभंगली तर बरं असं मला झालं.

मावशींनी चष्मा लावला, उठल्या आणि जजसाहेबांच्या कानाशी जाऊन बंगालीत काहीतरी बोलल्या. जजसाहेबांनी मान हलवली आणि माझ्याकडे वळले.

“सगळं कळतं ना? मग सांगा, उजवं चाक मोठं का ठेवतात?”

मी छाती पुढे काढली. हे मला पक्कं ठाऊक होतं! “साहेब, आपल्या देशात ड्रायव्हर उजवीकडे बसतो. त्याचा भार पेलायला उजवं चाक मोठं.”

जजसाहेबांनी डोकं खाजवलं.

“आणि शिसं डावीकडे का?”

“ड्रायव्हरच्या वजनाला तोल म्हणून!”

जजसाहेब पुढे वाकले. “या गाडीत ड्रायव्हर कुठे आहे?”

मी गाडीकडे पाहिलं. वाकून आतसुद्धा पाहिलं.

आधी तो म्हातारा मिस्त्री हसला. मग भादुडीबाबू. असे हसले, असे हसले की त्यांना धरून पेटीवर बसवावं लागलं. जजसाहेबांनी डोळे पुसत निकाल दिला: हा इसम कुठलाही कट करण्यास सर्वस्वी असमर्थ आहे. टाळ्या! भादुडीबाबू उठले, मावशींपुढे हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, “दीदी, मैं तीन मॅगझिन पढ़के भी सीधा नहीं कर सका, आप चाय ठंडी होने से पहले कर दिया। मेंबर क्या, आप सिखाइए हम लोगों को।” आणि त्यांनी ते मनापासून म्हटलं. मावशी पहिल्यांदाच लाजलेल्या दिसल्या.

परत येताना आम्ही बागबाजारच्या लाँचमध्ये बसलो. सुधाचे डोळे भरून आले होते. माझा हात धरून म्हणाली, “अहो, मावशीसाठी केवढं केलंत! चारचौघांत इतकं मूर्खाचं सोंग घ्यायचं म्हणजे खायचं काम आहे का? किती हुबेहूब वठवलंत!”

मी नदीकडे बघत नम्रपणे म्हणालो, “आपल्या माणसासाठी एवढं करावंच लागतं.”

पुढच्या बाकावरून मावशी वळल्या. “सोंग कसलं, सुधा? मीच जजसाहेबांना सांगितलं, ह्यांना फक्त चाकाचं विचारा.”

मी बाकावरून उठलोच. “मावशी! आणि मी चुकून बरोबर उत्तर दिलं असतं तर?”

“छे हो जावईबापू,” मावशी अगदी मायेनं म्हणाल्या, “तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास होता.”