तपकीर आणि पिवळी रेषा

मी तपकीर लावते. एवढं एक वाक्य लिहायला मला नोकरी संपायची वेळ यावी लागली.

'ओढते' असं मी म्हटलेलं नाही. ओढायचे ते पुरुष. माझ्या लहानपणी आमचे गुरुजी फळ्यावर गणित लिहून द्यायचे, कोटाच्या खिशातून डबी काढायचे, झाकणावर दोनदा टिचकी मारायचे आणि चिमूट नाकपुडीला लावायचे. मग सगळा वर्ग शिंकेची वाट बघत बसायचा. शिंक आली की गणिताचं कुणालाच काही पडलेलं नसायचं. कीर्तनकार, तलाठी, वैद्य, सगळ्यांच्या उपरण्याला तो विटकरी डाग असायचा आणि त्याला कुणी व्यसन म्हणत नसे. उलट डोकं तरतरीत राहतं म्हणायचे. बायका तीच तपकीर बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायच्या, नाहीतर तव्यावर तंबाखू जाळून मिश्री करायच्या. तो धूर गल्लीभर पसरला की येणारा-जाणारा खोकत पुढे जायचा. सकाळी उंबऱ्यावर बसून, तोंडात बोट घालून त्यांच्या अर्ध्या गप्पा व्हायच्या. पण ते शिकलेल्या बाईचं काम नव्हतं, आणि मी तर शिकवणारी.

माझी पहिली नेमणूक पाथर्डीकडच्या एका वस्तीवर झाली. एका रात्री दाढेने जीव नकोसा केला. दवाखाना लांब, एसटी सकाळी. घरमालकीण स्वतःची डबी घेऊन आली. "लाव गं बाई एवढी. आमी ऊस तोडाया कोयता घेऊन कारखान्यावर जातो, तिथं कुठला आलाय डाक्टर?" मी लावली. डोकं गरगरलं, उलटी झाली आणि दाढ गप्प बसली. पुढे ती दाढ काढली, तपकीर मात्र राहिली.

नंतर माझी बदली नगर तालुक्यातल्या एका गावात झाली. नवऱ्याची नोकरी नागापूरच्या एमआयडीसीत, त्यामुळे ते सोयीचं होतं. शाळेच्या मागे ओढ्यापलीकडे एका म्हाताऱ्याचं दुकान होतं. त्यांना सगळे आबा म्हणायचे. नावाला किराणा, पण गिऱ्हाईक यायचं ते तंबाखू, विडी आणि तपकिरीला. आबांचे वडील आठवडे बाजारात पोतं अंथरून तपकीर विकायचे. आबांनी त्याचं दुकान केलं. दोन पत्र्याचे डबे होते. एकात नाकाची, पिठासारखी, दुसऱ्यात दाताची, जराशी भरड. डबा उघडताना ते तोंड बाजूला वळवायचे आणि श्वास धरायचे. आयुष्यभर तपकीर विकलेल्या त्या माणसाने ती कधी नाकाला लावली नाही.

पहिल्यांदा गेले तेव्हा दुकानात दोन बायका होत्या. मी घाबरून खडू मागितले. त्या गेल्यावर हळूच खरं काय हवं ते सांगितलं. आबांनी काही विचारलं नाही. त्यानंतर चौदा वर्षं मी दुकानात जाऊन फक्त "खडू आहेत का?" म्हणायचे आणि ते खडूच्या खोक्याखाली तपकिरीची पुडी ठेवून द्यायचे. बाई पदरमोड करून मुलांसाठी खडू आणतात, असं माझं गावात कौतुक व्हायचं. मी ते कौतुक बिनदिक्कत घेत होते. घरी नवऱ्यालाही माहीत नव्हतं. सगळ्या गावात माझं गुपित एकट्या आबांना ठाऊक होतं, आणि त्यांच्या तोंडून ते कधी फुटलं नाही. देवमाणूस आहे, असं मी मनात म्हणायचे.

मग तंबाखूमुक्त शाळेचे निकष आले. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, तिथे रस्त्यावर पिवळी रेषा मारायची, फोटो काढून पाठवायचे. मी तोवर मुख्याध्यापिका झाले होते. ग्रामसभेत सरपंच म्हणाले, "आपल्याला हिवरे बाजारच्या पंगतीला बसायचंय." टाळ्या पडल्या. मोजमाप माझ्याकडे आलं.

शाळेजवळ दुकानं दोनच. एक पानटपरी पुढच्या रस्त्याला, उपसरपंचाच्या भाच्याची. दुसरं आबांचं. खेळाच्या मैदानासाठी घेतलेला तीस मीटरचा टेप आम्ही काढला. एक टोक माझ्या हातात, दुसरं माझ्या सहशिक्षकाच्या. टपरी मोजताना आम्ही रस्त्याने गेलो, वळणावरून वळत वळत. ती जेमतेम शंभर यार्डांच्या बाहेर पडली. उपसरपंचाशी वाकडं घ्यायची माझी छाती नव्हती. मग आबांच्या दुकानाकडे वळलो. रस्त्याने गेलं तर ओढ्याला वळसा पडतो, दुकान कितीतरी लांब जातं. सहशिक्षक रस्त्याच्या कडेला थांबून म्हणाले, "मॅडम, इकडून ना?"

मी म्हणाले, "नाही, सरळ घ्या. कांद्यातून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कांद्याच्या वावरात पाय टाकला. आबांचं दुकान आत आलं.

माप सरळच धरायचं असतं, हे मला नंतर कळलं. म्हणजे आबांचं बरोबर निघालं आणि टपरीचं चुकलं. पण वावरात टेप नेला तेव्हा मला नियम ठाऊक नव्हता, त्यामुळे त्याच्या आड मला लपता येत नाही. माझ्या मनात तेव्हा एकच गोष्ट होती. हे दुकान गेलं तर माझ्या तपकिरीची गावात खूणही उरणार नाही. तपकीर नागापूरला कुठेही मिळेल, तोंडाला स्कार्फ बांधून.

कार्यक्रमाला केंद्रप्रमुख आले, गाव जमलं. आबांचे दोन्ही डबे चौकात उपडे केले. वारा होता. पहिल्या रांगेतली पोरं शिंकायला लागली आणि लोक हसले. आबाही थोडे हसले. मग मी माईक घेऊन मुलांना तंबाखूला न शिवण्याची शपथ दिली. शपथ देताना माझ्या दाढेला तपकीर होती. इतकी निर्लज्ज मी कशी झाले, हे मला आजही कळत नाही. आबा लिंबाखाली उभे होते. आमची नजरानजर झाली. त्यांनी खाली बघितलं. सुटले, असं मला वाटलं. शाळेला प्रमाणपत्र मिळालं.

तंबाखू गेल्यावर आबांकडे साखर-चहापत्ती घ्यायला कोण फिरकणार? दिवाळीच्या आत दुकान बंद झालं. आबा, त्या वयात, दुसऱ्यांच्या कांद्याच्या राखणीला जायला लागले. शाळेत येताना मला ते बांधावर बसलेले दिसायचे. मी स्कूटी जोरात न्यायचे.

निवृत्तीला महिना राहिला तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठीच गेले. त्यांनी 'जाऊ द्या बाई' म्हणावं आणि मला मोकळं करावं, एवढीच माझी इच्छा होती.

आबा बाजेवर होते. मला पाहून उठले. त्यांनी मला खुर्ची दिली.

मी म्हणाले, "आबा, मी माप खोटं घेतलं. टपरीला रस्त्याने गेले आणि तुमच्याकडे वावरातून."

"म्हाईत हाय की. मी दारातच हुतो. टेप वावरात घुसला तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीत? माझं सगळं तुम्हाला माहीत होतं. चौकात एक शब्द काढला असता तर माझं तोंड बंद झालं असतं. तेव्हाही बोलला नाहीत, आधीही कधी बोलला नाहीत. मी तुम्हाला देवमाणूस समजत आले."

त्यांना ते आवडलं नसावं. घाईघाईने म्हणाले, "द्येव कशाचा, बाई? आधी धाकटी लेक हुती तुमच्या शाळंत. आता नात हाय चौथीला. लेकरं तुमच्या हातात. आमी कसं बोलनार?"

म्हणजे चौदा वर्षं ते मला भीत होते. मी त्याला माया समजले होते. आतासुद्धा, मी क्षमा मागायला आले असताना, त्यांच्या मनात एकच होतं, की बाई कशाला आली असेल. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आल्यापासून ते उभेच आहेत.

"आबा, बसा ना," मी म्हणाले.

"असू द्या, असू द्या," म्हणत त्यांनी आत हाक मारली, "ए, भाईर ये. बाई आल्यात, पाया पड."

पोरगी पळत आली आणि वाकली. मला पाय मागे घेता आले नाहीत.